रेव्ह. नारायण शेषाद्री : जालन्याजवळ गाव वसवणारे मराठी मिशनरी

आपल्या जालना जिल्ह्याच्या इतिहासातलं एक नाव आज पाहूया.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकताना त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळला आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. श्रीपत अल्पवयीन असल्यामुळे कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. त्याला परत जातीत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. त्यांनाही सनातनी लोकांचा रोष सोसावा लागला. सख्खे भाऊ मात्र दोन वाटांना गेले.

१८५४ मध्ये नारायणरावांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे त्यांनी जालना हे कार्यक्षेत्र निवडलं. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक, म्हणजे ज्यांना गावच्या विहिरीवर आणि शाळेत जागा नव्हती. दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. तिथे चर्चसोबत घरं, विहीर आणि शाळाही झाली. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

धर्मांतराबद्दल आपलं मत काहीही असो. पण त्या काळात ज्यांना कुणी पाटी देत नव्हतं, त्यांच्या मुलांना इथे अक्षरं मिळाली. वर्गात परिसर अभ्यास शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा.