फ्रीडरिक बेसेल : ताऱ्याचे अंतर मोजणारा उमेदवार

शाळा अर्ध्यावर सोडून पेढीवर उमेदवारीस राहिलेले मुलगे आपल्या कोणत्या घराण्यात नाहीत? अशाच एका मुलाचे हे चरित्र आहे. तो आपल्या देशातील नव्हे, जर्मनीतील. परंतु सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे अंतर विश्वसनीय रीतीने मोजण्याचा पहिला मान त्याच्याकडे जातो.

फ्रीडरिक विल्हेल्म बेसेल यांचा जन्म २२ जुलै १७८४ रोजी मिंडेन या गावी एका सरकारी नोकराच्या घरी झाला. लॅटिनशी त्यांचे जमेना. १७९९ च्या आरंभी, पंधरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ब्रेमेन येथील व्यापारी पेढीत त्यांना सात वर्षांच्या बिनपगारी उमेदवारीवर ठेवण्यात आले. पुढे मालाबरोबर जहाजावर जावे या इच्छेने ते रात्री नौकानयन शिकू लागले. आणि भरसमुद्रात जहाजाचे स्थान आकाशावरून ठरवावे लागते म्हणून ज्योतिःशास्त्राकडे वळले. १८०४ मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या १६०७ मधील जुन्या वेधांवरून त्यांनी त्याची कक्षा गणिताने काढली व ब्रेमेनचे वैद्य आणि ज्योतिर्विद ऑल्बर्स यांना दाखविली. ऑल्बर्स यांनी ती प्रसिद्ध करविली. १८०६ मध्ये पेढीवरील चांगल्या प्राप्तीची आशा सोडून बेसेल लिलिएन्टालच्या खाजगी वेधशाळेत अल्प वेतनावर रुजू झाले आणि १८१० मध्ये केनिग्सबर्गच्या नियोजित वेधशाळेचे प्रमुख झाले. पदवी नव्हतीच, गाउस यांच्या शिफारशीवरून ग्योटिंगेन विद्यापीठाने ती सन्मानपूर्वक दिली.

आता मुख्य कार्य. हाताचा अंगठा पुढे धरून एकेक डोळा मिटून पाहावे. मागील भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा दिसतो. यासच लंबन म्हणतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे कोपर्निकस यांनी १५४३ मध्ये मांडले. ते खरे असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने जवळचे तारे असेच किंचित सरकलेले दिसावयास हवेत. तसे कोणासही निश्चितपणे दिसले नव्हते. सूर्याचे अंतर १७६१ व १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांवरून बरेचसे ठरले होते. म्हणजे गज हाती होता, पण ताऱ्यांपर्यंत तो पोहोचत नव्हता.

तेजस्वी तारा तो जवळचा, असे पुष्कळांनी धरले. बेसेल यांनी मात्र हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाचा मंद तारा निवडला. तो आकाशात वर्षाला पाच विकलांहून अधिक सरकतो. एवढा चपळ तारा जवळचाच असणार, हा त्यांचा तर्क. फ्राउनहोफर यांच्या कारखान्यातून १८२९ मध्ये आलेला हेलिओमीटर त्यांच्यापाशी होता. त्याचे भिंग मधोमध कापलेले असून दोन अर्धे स्क्रूने परस्परांवर सरकवून दोन ताऱ्यांमधील सूक्ष्म अंतर मोजता येते. यंत्र कितीही उत्तम असले तरी त्याचे दोष शोधून हिशेबात धरल्यावाचून त्यावर विसंबू नये, हा बेसेल यांचा कटाक्ष होता. पेढीवरील वह्यांची सवय येथे कामी आली असावी असे आम्हांस वाटते.

वर्षाहून अधिक काळ, रात्रीमागून रात्र, शेजारच्या दोन अंधुक ताऱ्यांपासूनची अंतरे त्यांनी मोजली. १८३८ च्या अखेरीस फल प्रसिद्ध झाले : लंबन सुमारे ०.३१ विकला. एक इंच रुंदीचे नाणे १६-१७ किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन! त्यावरून ताऱ्याचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ६,५७,००० पट, म्हणजे दहा प्रकाशवर्षांहून थोडे अधिक निघाले. आजच्या मापाने ते ११.४ प्रकाशवर्षे आहे.

स्ट्रूव यांनी अभिजित ताऱ्याचे माप १८३७ मध्येच दिले होते, परंतु पुढे स्वतःच ते दुपटीहून अधिक वाढविल्याने विश्वास बसला नाही. हेंडरसन यांनी तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून १८३२-३३ मध्येच वेध घेतले होते. ते प्रसिद्ध करण्यास १८३९ उजाडले. त्यांच्याविषयी हळहळ वाटते.

१८४० मध्ये तरुण पुत्राच्या मृत्यूचा आघात बेसेल यांस सोसावा लागला. तरीही काम थांबले नाही. व्याधाचा तारा नागमोडी सरकतो हे पाहून, त्याला न दिसणारा जोडीदार असला पाहिजे, असे त्यांनी १८४४ मध्ये जाहीर केले. १७ मार्च १८४६ रोजी ते निवर्तले. तो जोडीदार दुर्बिणीतून प्रथम दिसला १८६२ मध्ये.