राजगुरूंचा खटला आणि न्यायाची कसोटी

चंडीगडच्या विमानतळाला २०२२ साली शहीद भगतसिंग यांचे नाव देण्यात आले. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव ही तीन नावे पंजाबात आणि महाराष्ट्रात एकत्रच उच्चारली जातात. हौतात्म्याच्या तेजात मात्र ज्या खटल्याने या तिघांना फासावर चढवले, त्याचे स्वरूप झाकोळून गेले आहे.

शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमाकाठच्या खेड गावी झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. किशोरवयातच घर सोडून त्यांनी काशी गाठली, तेथे संस्कृतचे अध्ययन केले आणि तेथेच चंद्रशेखर आझादांच्या क्रांतिकारी संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. अचूक नेमबाज म्हणून सहकाऱ्यांत त्यांची ख्याती होती. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये लाला लजपतराय यांच्या मृत्यूचा सूड म्हणून पोलीस अधीक्षक स्कॉट यांना मारण्याचा बेत होता. प्रत्यक्षात सहायक अधीक्षक साँडर्स बळी पडले. पहिली गोळी राजगुरूंची होती. पाठलाग करणारे हवालदार चननसिंग हेही त्या दिवशी मारले गेले. ३० सप्टेंबर १९२९ रोजी राजगुरूंना पुण्यात अटक होऊन लाहोरला नेण्यात आले.

कृत्य कोणी केले, हा वादाचा मुद्दा नाहीच. प्रश्न आहे तो ते सिद्ध करण्यासाठी सरकारने अवलंबिलेल्या मार्गाचा. तुरुंगातील वागणुकीविरुद्ध उपोषण करणारे सहआरोपी जतींद्रनाथ दास यांचे ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी निधन झाले. आरोपींच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची मुभा देणारे विधेयक सरकारने त्याच महिन्यात मध्यवर्ती कायदेमंडळात आणले, तेव्हा महंमद अली जीनांसारख्या निष्णात कायदेपंडिताने त्यावर कठोर टीका केली. कायदेमंडळ वश होत नाही असे दिसताच व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी वटहुकूम काढला. तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायाधिकरण नेमण्यात आले. आरोपी हजर नसले तरी कामकाज चालणार होते आणि निकालावर उच्च न्यायालयात अपील नव्हते. फाशीच्या प्रत्येक शिक्षेला उच्च न्यायालयाची पुष्टी हवी, हा ब्रिटिशांच्याच फौजदारी संहितेचा दंडक होता. राज्यकर्त्यांनी आपलाच कायदा बाजूस सारला.

१२ मे १९३० रोजी आरोपींना भर न्यायालयात पोलिसांकरवी मारहाण झाली. न्यायमूर्ती आगा हैदर यांनी त्या दिवशीच्या आदेशाशी आपला संबंध नसल्याची नोंद केली. पुढच्याच महिन्यात न्यायाधिकरणाची फेररचना झाली आणि त्यात आगा हैदर नव्हते. आरोपींनी कामकाजावर बहिष्कार घातला. खटल्याची भिस्त ज्यांच्यावर होती त्या माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या आरोपींच्या पश्चात नोंदल्या गेल्या. उलटतपासणीला अर्थ उरला नाही. ७ ऑक्टोबर १९३० रोजी तिघांना फाशी सुनावण्यात आली. प्रिव्ही कौन्सिलने फेब्रुवारी १९३१ मध्ये दाद मागण्याची परवानगी नाकारली. २३ मार्चच्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेआधीच, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात शिक्षा अमलात आली. सतलजच्या काठी हुसैनीवाला येथे रातोरात अंत्यसंस्कार उरकण्यात आले. राजगुरू तेव्हा बावीस वर्षांचे होते.

निःपक्ष न्यायाधीश, आरोपीची उपस्थिती, साक्षीदारांची उलटतपासणी आणि वरिष्ठ न्यायालयाकडून फेरतपासणी ही तत्त्वे १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. भारताने तो १९७९ साली स्वीकारला. लाहोरचा खटला यातील एकाही कसोटीला धडपणे उतरला नसता.

फाळणीनंतर लाहोर उच्च न्यायालयातून वेगळे झालेले पूर्व पंजाबचे न्यायालय सिमल्याहून १९५५ साली चंडीगडला आले. फाशी केवळ दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणीच द्यावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा दंडक ज्या बच्चन सिंग प्रकरणात घडला, ते याच उच्च न्यायालयातून वर गेले होते. १९८३ मध्ये पंजाबातल्याच मिठू प्रकरणात जन्मठेपेच्या कैद्याला खुनासाठी सक्तीने फाशी देणारे कलम घटनाबाह्य ठरले. एका परीने हे लाहोरला दिलेले उशिराचे उत्तरच होते.

तरीही हिशेब पुरता चुकता झालेला नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. अनुमोदन मात्र अद्याप दिलेले नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने फरार घोषित आरोपींवर त्यांच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देण्याची तरतूद केली आहे. पळून गेलेला आरोपी आणि कोठडीत असूनही ज्याच्यावाचून खटला चालवला गेला तो राजगुरू यांत मोठा फरक आहे. नव्या कायद्यात सरकारी खर्चाने वकिलाची सोयही आहे. पण अपवाद म्हणून उघडलेले दार किती रुंद होते, हे अखेर न्यायालयांच्या जागरूकतेवरच अवलंबून राहते. निर्दोषाला न्याय देणे तुलनेने सोपे असते. ज्याने गोळी झाडली त्यालाही नियमाने वागवते की नाही, यावरच राज्यसंस्थेची पारख होते. १९३० साली लाहोरचे सरकार या पारखीत नापास झाले.