विश्लेषण : व्हॅम्पायरचे ‘अधिकृत’ नियम नेमके कुणाचे? ‘ड्रॅक्युला’कार ब्रॅम स्टोकर यांच्या आयुष्यातून उलगडणारा गुंता

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळला जातो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतील पात्रे होतात. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत व्हॅम्पायरसाठीचे नियम अगदी नेमके आहेत. उन्हात सापडला की दर खेपेला त्याचे २० गुणांचे नुकसान, वाहत्या पाण्यात अडकला तरी २०. बोलावल्याशिवाय त्याला कुणाच्या घरात शिरता येत नाही. शवपेटीत निजलेला असताना छातीत लाकडी खुंटी ठोकली तर तो जागीच खिळतो. गोष्ट चालवणाऱ्याने यातला एखादा नियम बदलला, उन्हात फिरणारा व्हॅम्पायर आणला, की टेबलावर वाद ठरलेला : हे अधिकृत नाही.

गंमत अशी की ज्याच्यामुळे व्हॅम्पायर जगभर पोहोचला तो काउंट ड्रॅक्युला मूळ कादंबरीत भर दिवसा लंडनच्या पिकॅडिली भागात फिरतो. दिवसा त्याच्या शक्ती तेवढ्या आटतात, तो जळत वगैरे नाही. मग ऊन लागताच राख होण्याचा नियम आला कुठून? त्याचे उत्तर शोधताना एका आयरिश सरकारी कारकुनाचे आयुष्य समोर येते.

नियमांचे पहिले पुस्तक कोणते?

अब्राहम ऊर्फ ब्रॅम स्टोकर यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७ रोजी डब्लिनजवळच्या क्लॉनटार्फ येथे झाला. सात भावंडांत ते तिसरे. वडील डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे आयर्लंडमधील ब्रिटिश प्रशासनाच्या मुख्यालयात कारकून होते. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत ब्रॅम अंथरुणाला खिळून होते. आजार कोणता होता याचा उलगडा कधीच झाला नाही. आई शार्लट हिने लहानपणी स्लायगो गावात १८३२ ची कॉलऱ्याची साथ पाहिली होती. धुगधुगी असलेल्या माणसांनाही मेले समजून पुरले गेल्याच्या हकिकती ती मुलांना सांगत असे. पुढे तिने त्या ब्रॅम यांना लिहूनही दिल्या. न मेलेला मृत ही कल्पना या घरात अशी आधीपासूनच होती.

आजारातून उठलेला हा मुलगा ट्रिनिटी कॉलेजात मैदान गाजवणारा धट्टाकट्टा तरुण झाला. शिक्षणानंतर मात्र वडिलांचीच वाट धरून त्यांनी डब्लिन कॅसलमध्ये नोकरी पत्करली. कनिष्ठ न्यायालयांचे निरीक्षक म्हणून ते आयर्लंडभर फिरले आणि तेथील कारकुनांनी कोणती नोंद कुठे करायची, कोणता अर्ज कसा भरायचा याचे एक जाडजूड मार्गदर्शक त्यांनी लिहिले. ते १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ड्रॅक्युला’ वाचलेल्यांना यात वेगळे काही वाटणार नाही. ती कादंबरी रोजनिशी, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे अशा कागदपत्रांनी भरलेली आहे. एका पात्राचे तर मुख्य काम ही कागदपत्रे टाइप करून तारीखवार लावणे हेच आहे.

नोकरी सांभाळून स्टोकर ‘डब्लिन इव्हनिंग मेल’मध्ये विनामोबदला नाट्यपरीक्षणे लिहीत. या पत्राचे एक मालक होते शेरिडन ल फानू. त्यांची ‘कार्मिला’ ही स्त्री-व्हॅम्पायरची कथा ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधीची.

१८७६ मध्ये प्रख्यात नट हेन्री आयर्विंग यांच्या ‘हॅम्लेट’चे परीक्षण स्टोकर यांनी लिहिले, त्यातून ओळख झाली आणि दोनच वर्षांत आयर्विंग यांनी त्यांना लंडनच्या लायसियम थिएटरचे व्यवस्थापक म्हणून बोलावले. डिसेंबर १८७८ मध्ये स्टोकर यांनी फ्लॉरेन्स बाल्कम हिच्याशी लग्न केले. तिला आधी ऑस्कर वाइल्ड यांनी मागणी घातली होती. त्यानंतर सुमारे २७ वर्षे स्टोकर यांनी आयर्विंग यांचे हिशेब, दौरे, पत्रव्यवहार, पाहुणे, रुसवेफुगवे सगळे सांभाळले. १८८२ मध्ये टेम्स नदीत उडी घेतलेल्या एका माणसासाठी त्यांनी स्वतः बोटीवरून पाण्यात झेप घेतली. माणूस वाचला नाही, पण स्टोकर यांना पदक मिळाले.

लायसियमच्या मेजवान्यांत भेटलेल्यांपैकी एक होते रिचर्ड बर्टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात अधिकारी म्हणून आलेले बर्टन यांनी पुढे वेतालाच्या कथा इंग्रजीत आणल्या. १८७० च्या त्या पुस्तकाच्या नावात त्यांनी वेतालासाठी सरळ व्हॅम्पायर हा शब्द वापरला. आपला वेताळ कुणाचे रक्त पीत नाही. तो झाडाला लटकतो, प्रेतात शिरतो आणि राजाला कोडी घालतो. कोकण-गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. म्हणजे व्हॅम्पायर या नावाखाली कुणाला घालायचे याचा घोळ तेव्हाही होताच. स्टोकर यांनी मात्र बर्टन यांच्याबद्दल लिहून ठेवले ते वेगळेच : बोलताना वरचा ओठ उचलला जाऊन दिसणारा त्यांचा सुळा.

व्हिटबीच्या वाचनालयात काय घडले?

‘ड्रॅक्युला’ची पहिली टिपणे मार्च १८९० ची आहेत. कादंबरी आली मे १८९७ मध्ये. मधली सात वर्षे थिएटरच्या धबडग्यात स्टोकर सुटीत, प्रवासात, हॉटेलच्या कागदांवर नोंदी करत राहिले. या टिपणांचा गठ्ठा आज अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात रोझेनबाख संग्रहालयात आहे. तो चाळला की अधिकृत हा शब्द जरा अवघड वाटू लागतो.

सुरुवातीला खलनायकाचे नाव ड्रॅक्युला नव्हतेच, काउंट वॅम्पायर असे काहीसे सरधोपट नाव होते. त्याचा मुलूखही ट्रान्सिल्व्हेनिया नव्हता, तर ऑस्ट्रियातील स्टिरिया होता. १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी सुटीला गेले. तेथील वाचनालयात त्यांच्या हाती विल्यम विल्किन्सन या माजी ब्रिटिश वकिलाचे वालाकिया आणि मोल्डाव्हिया या प्रांतांवरील १८२० चे पुस्तक लागले. त्यातील एका तळटीपेत ड्रॅक्युला या शब्दाचा स्थानिक भाषेतील अर्थ सैतान असा दिला होता. स्टोकर यांनी तो उतरवून घेतला आणि नाव बदलले. क्रूरकर्मा राजा व्लाड आणि ड्रॅक्युला एकच, असे आज सर्रास सांगितले जाते. पण व्लाड शत्रूंना सुळावर चढवायचा याचा टिपणांत उल्लेखही नाही. ट्रान्सिल्व्हेनियाला तर स्टोकर उभ्या आयुष्यात गेले नाहीत. तेथील भुताखेतांच्या समजुती त्यांनी एमिली जेरार्ड यांच्या १८८५ च्या लेखातून घेतल्या. व्हिटबीच्या किनाऱ्यावर १८८५ मध्ये नार्वा बंदराचे ‘दिमित्री’ नावाचे जहाज फुटले होते. कादंबरीत त्याचे ‘डेमेटर’ झाले आणि नार्वाचे वार्ना.

टिपणांत व्हॅम्पायरच्या गुणधर्मांची एक यादीच आहे. तो आरशात दिसत नाही. त्याला अंधारात दिसते. उंबरठा ओलांडायला त्याला कुणीतरी मदत करावी लागते. त्याच्याकडचे पैसे नेहमी जुन्या सोन्याचे असतात. संगीताचा त्याच्यावर परिणाम होत नाही. चित्रकाराने त्याचे चित्र काढले तर ते दुसऱ्याच कुणासारखे दिसते. छायाचित्र काढले तर काळा ठिपका किंवा सांगाडा येतो.

यातले आरशाचे कलम कादंबरीत आले. उंबरठ्याच्या कलमाचे रूप पालटले : घरातील कुणीतरी पहिल्यांदा बोलावले की पुढे त्याला मोकळीक. चित्र, छायाचित्र आणि संगीत ही कलमे गळाली. उलट मायभूमीची माती भरलेल्या ५० पेट्या, लसूण, क्रूस, भरती-ओहोटीच्या संधीलाच पाणी ओलांडता येणे ही बंधने कादंबरीत प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग एका बैठकीत सगळ्यांना समजावून सांगतो. खेळाच्या नियमपुस्तकातील व्हॅम्पायरचे पान वाचावे तसाच तो प्रसंग आहे.

आणि हे सगळे मांडून झाल्यावर स्टोकर शेवटी काय करतात? ड्रॅक्युला मरतो तो मावळत्या उन्हात, सुऱ्यांनी. एक गुरख्यांची कुकरी गळ्यावर फिरते, दुसरा अमेरिकन बनावटीचा सुरा काळजात घुसतो. खुंटी नाही, शीर धडावेगळे करण्याचा विधी नाही. ड्रॅक्युला खरोखर मेला का, यावर अभ्यासकांत अजूनही वाद होतात. आजच्या भाषेत याला बग म्हणावे की सोडून दिलेली जागा, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

ऊन लागताच राख, हा नियम कुणाचा?

पुस्तक बरे चालले, पण त्याने स्टोकर यांचे नशीब पालटले नाही. १८९८ मध्ये लायसियमचे नेपथ्य ठेवलेल्या गोदामाला आग लागली, थिएटरची आर्थिक घडी विस्कटली. १९०५ मध्ये आयर्विंग गेले. पाठोपाठ स्टोकर यांना पक्षाघाताचा झटका आला. अखेरच्या काळात लेखकांना मदत करणाऱ्या निधीकडे त्यांना अर्ज करावा लागला. २० एप्रिल १९१२ रोजी, टायटॅनिक बुडाल्यानंतर पाच दिवसांनी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची ओळख तेव्हाही प्रामुख्याने आयर्विंग यांचे व्यवस्थापक अशीच होती.

फ्लॉरेन्स यांच्याजवळ उत्पन्नाचे साधन म्हणून उरले ते मुख्यतः पुस्तकांचे हक्क. दहा वर्षांनी, १९२२ मध्ये, जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट आला. कथा ‘ड्रॅक्युला’चीच, पात्रांची नावे तेवढी बदललेली. फ्लॉरेन्स यांची परवानगी कुणी घेतली नव्हती. त्यांनी दावा लावला. निर्मिती कंपनी दिवाळखोरीत गेल्याने पैसे मिळणे शक्य नव्हते, तेव्हा १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती तरीही वाचल्या.

याच चित्रपटाच्या शेवटी कोवळे ऊन पडते आणि व्हॅम्पायर धूर होऊन विरून जातो. तो प्रसंग स्टोकर यांचा नाही. त्यांच्या विधवेने जो चित्रपट जाळून टाकण्यासाठी तीन वर्षे झगडा केला, त्यातला आहे. आणि आज जगभरच्या टेबलांवर सर्वात ठाम समजला जाणारा नियम नेमका तोच.

खेळात पुढे काय झाले?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. त्याच्या जडणघडणीत व्हॅम्पायरचा हात आधीपासून आहे. सहनिर्माते डेव्ह आर्नेसन यांच्या सुरुवातीच्या खेळात सर फँग नावाचे व्हॅम्पायर पात्र फारच शिरजोर झाले. त्याला आवर घालायला चित्रपटांतील व्हॅन हेल्सिंगच्या धर्तीवर धर्मोपदेशक हे पात्र आणले गेले. ते आजही खेळाच्या मूळ पात्रांपैकी एक आहे. सुरुवातीच्या नियमांत व्हॅम्पायरची खरी दहशत रक्त पिण्याची नव्हती. त्याच्या नुसत्या फटक्याने खेळाडूच्या पात्राने कमावलेल्या दोन पातळ्या पुसल्या जात. त्याचा स्टोकर यांच्याशी काहीही संबंध नाही.

१९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दाम्पत्याने ‘रेव्हनलॉफ्ट’ लिहिले आणि स्ट्राड फॉन झारोविच हा किल्ल्यातला व्हॅम्पायर सरदार अवतरला. हरवलेल्या प्रेयसीचा चेहरा दुसऱ्या तरुणीत शोधत राहणे ही त्याची शोकांतिका. ड्रॅक्युलाच्या चित्रपटांतही हे सूत्र आहे. १९९२ च्या कोपोला यांच्या चित्रपटात तर ठळकपणे, आणि त्याच्या नावात स्टोकर यांचे नावही आहे. कादंबरीत मात्र असे प्रेम औषधालाही नाही. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ या खेळाने उलट वाट धरली. क्रूस, लसूण या बहुतांशी माणसांच्या भाबड्या समजुती ठरवल्या, ऊन आणि आग तेवढी ठेवली.

सगळेच बदल मात्र असे निरुपद्रवी नसतात. कादंबरीत ड्रॅक्युलाची पेटी वाहून नेणारे, पैशासाठी त्याची चाकरी करणारे लोक म्हणजे भटके स्गानी, युरोपातील रोमा समाज. या समाजाचे मूळ उत्तर भारतात असल्याचे भाषा आणि जनुकशास्त्राच्या अभ्यासातून दिसते. स्टोकर यांनी वाचलेले गैरसमज जसेच्या तसे उतरवले. तेथून ते चित्रपटांत आणि पुढे रेव्हनलॉफ्टमधील विस्तानी या भटक्या जमातीत उतरले : नजर लावणारे, दारुडे, चोर, स्ट्राडचे हेर. रोमा समाज आजही ज्या शिक्क्यामुळे घर आणि नोकरी नाकारली जाणे सोसतो, तोच हा शिक्का. प्रकाशक कंपनीने २०२० मध्ये ही चूक मान्य केली, ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या पुस्तकातील मजकूर बदलला आणि २०२१ च्या ‘व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट’मध्ये विस्तानींची मांडणी नव्याने केली. काही खेळाडूंनी याला परंपरेशी छेडछाड म्हटले. ती परंपरा म्हणजे एमिली जेरार्ड यांच्यासारख्या लेखकांच्या लिखाणातून एका व्यवस्थापकाने सुटीत काढलेली टिपणे होती, हे त्यांच्या गावीही नसावे.

स्टोकर यांची टिपणे फ्लॉरेन्स यांनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर, १९१३ मध्ये लंडनच्या सॉदबीज लिलावात किरकोळ किमतीला विकली. कादंबरीवरील ब्रिटनमधील हक्क १९६२ मध्ये संपले. त्या आधी २५ वर्षे फ्लॉरेन्स गेल्या होत्या. फिलाडेल्फियातील त्या कागदांवर संगीत आणि छायाचित्रांची ती गळालेली कलमे अजून तशीच आहेत.