अलेक्झांडर ग्रॅहम बेल : टेलिफोनचे जनक, कर्णबधिरांचे शिक्षक

टेलिफोनचे जनक ही अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची जगन्मान्य ओळख. त्यांना स्वतःला मात्र कर्णबधिरांचा शिक्षक ही ओळख अधिक प्रिय होती. आज कानामागे सहज दडणाऱ्या श्रवणयंत्राचा इतिहास बेल यांच्या प्रयोगांपर्यंत जातो. कर्णबधिरांच्या स्वतःच्या भाषेला शाळांतून हद्दपार करणाऱ्या विचाराच्या इतिहासातही हेच नाव ठळकपणे येते. म्हणूनच त्यांचे चरित्र केवळ एका संशोधकाची यशोगाथा ठरत नाही.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही वक्तृत्व व उच्चारशास्त्राचे अध्यापक होते. बोलताना जीभ, ओठ व घसा यांची स्थिती चिन्हांनी दर्शविणारी ‘दृश्य वाणी’ ही लिपी वडील मेलव्हिल बेल यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केली. आई एलायझा यांना फार कमी ऐकू येई. त्या काळी ऐकण्याचे साधन म्हणजे एका टोकाला रुंद होत जाणारी, कानाला लावायची नळी. घरातील इतर मंडळी त्या नळीत मोठ्याने बोलत. लहानगा अलेक्झांडर मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट स्वरात बोले आणि चारचौघांतील संभाषण तिला बोटांनी अक्षरे दाखवून कळवी. आवाज वाढविणे आणि तो समजेल असा पोहोचविणे यांतील फरक त्यांना घरातच उमगला.

दोन्ही भाऊ क्षयाने दगावल्यावर १८७० मध्ये हे कुटुंब कॅनडात गेले. पुढील वर्षी बेल बोस्टन येथील कर्णबधिर मुलांच्या शाळेत वडिलांची लिपी शिकवू लागले. पाचव्या वर्षी स्कार्लेट ज्वराने श्रवणशक्ती गमावलेल्या मेबल हबर्ड या त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. मेबल यांचे वडील गार्डिनर हबर्ड आणि आणखी एका कर्णबधिर विद्यार्थ्याचे वडील थॉमस सँडर्स यांनीच पुढे बेल यांच्या प्रयोगांना आर्थिक पाठबळ दिले.

स्वतःच्या उच्चाराचे रूप विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता यावे, या हेतूने बेल यांनी १८७४ मध्ये एक विलक्षण उपकरण तयार केले. वैद्य क्लॅरेन्स ब्लेक यांच्या साहाय्याने मिळविलेल्या मृत व्यक्तीच्या कानाला त्यांनी गवताची काडी जोडली. समोर बोलताच कानाचा पडदा कंप पावे आणि ती काडी काजळी धरलेल्या काचेवर रेघ उमटवी. एवढासा पातळ पडदा जर कानातील हाडे हलवू शकतो, तर तसाच एखादा पडदा विद्युतप्रवाहात आवाजाप्रमाणे चढउतार का घडवू शकणार नाही, हा विचार येथूनच बळावला. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि १० मार्च रोजी त्यांचा आवाज तारेवरून साहाय्यक थॉमस वॉटसन यांच्यापर्यंत स्पष्टपणे पोहोचला.

श्रवणयंत्राचे मर्मही याच तत्त्वात आहे. जुनी नळी आवाज केवळ गोळा करी. आवाजाचे विजेत रूपांतर झाल्यावर मात्र तो वाढविणे शक्य झाले. टेलिफोनमधील कार्बन मायक्रोफोन, बॅटरी आणि कानाला लावायचा ग्राहक यांच्या जोडणीतून अमेरिकेतील मिलर रीझ हचिसन यांनी १८९८ च्या सुमारास विजेवर चालणारे श्रवणयंत्र बनविले. टेलिफोनचा ग्राहक वापरून बेल यांनी स्वतः ऑडिओमीटर, म्हणजे श्रवणमापक यंत्रही तयार केले. ध्वनीची पातळी मोजण्याच्या डेसिबल या एककात त्यांचेच नाव आहे. फ्रान्सने १८८० मध्ये दिलेल्या व्होल्टा पारितोषिकाचे ५० हजार फ्रँक त्यांनी संशोधनासाठी वापरले आणि पुढे १८८७ मध्ये बधिरत्वविषयक माहितीसाठी व्होल्टा ब्यूरो स्थापन केला. सहा वर्षांच्या हेलन केलर यांना घेऊन आलेल्या वडिलांना त्यांनी पर्किन्स संस्थेची वाट दाखविली. अॅन सलिव्हन या शिक्षिका हेलन यांना लाभल्या, त्या त्यामुळेच.

या कार्याची दुसरी बाजू क्लेशदायक आहे. मेबल यांच्याशी बेल यांचा १८७७ मध्ये विवाह झाला. मेबल ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत आणि स्वतः बोलत. जे मेबल यांना साधले ते सर्वांना साधेल, असा बेल यांचा विश्वास होता. मेबल काही वर्षे ऐकून, भाषा आत्मसात करून मग बधिर झाल्या होत्या. जन्मतः बधिर असलेल्या मुलांची स्थिती अगदी वेगळी होती. सांकेतिक भाषा वर्गातून काढावी, कर्णबधिर शिक्षक नेमू नयेत आणि कर्णबधिरांच्या आपसांतील विवाहांना उत्तेजन देऊ नये, असे प्रतिपादन बेल यांनी १८८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे केले. असे विवाह होत राहिल्यास मानवजातीत बधिरांची वेगळी शाखा निर्माण होईल, अशी भीती त्यांना वाटे. वस्तुतः बहुसंख्य बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात. वॉशिंग्टन येथील कर्णबधिरांच्या महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड माइनर गॅलॉडेट यांनी या मताला ठाम विरोध केला. त्यांची आईही कर्णबधिर होती. तथापि, त्यांनी आईची भाषा हातांच्या खुणांतून शिकली होती आणि वाणीबरोबर खुणांनाही शिक्षणात स्थान हवे, असा त्यांचा आग्रह होता.

मिलान येथील १८८० च्या परिषदेने केवळ वाणीद्वारे शिक्षणाचा ठराव केलाच होता. बेल यांच्या प्रतिष्ठेमुळे अमेरिकेत त्या मताला मोठे बळ मिळाले. अनेक कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मुलांच्या कित्येक पिढ्या आपसांत चोरून खुणा करीत वाढल्या. कर्णबधिर शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले ते २०१० मध्ये, व्हँकुव्हर येथे. भारतातही सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले.

बेल यांचे निधन २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट स्तब्ध ठेवण्यात आले. ज्या यंत्राने जग जोडले, त्यातून पतीचा आवाज ऐकणे मेबल यांना मात्र कधीच शक्य झाले नव्हते.

त्यांच्या नावाच्या प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला. बेल यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ श्रवणयंत्रांच्या उत्पादकांना त्यावरील स्वामित्वशुल्क माफ करण्यात आले आणि खिशातील जड यंत्र हळूहळू कानामागे सामावले. ज्यांच्या कानात काही श्रवण शिल्लक होते, त्यांना या परंपरेने फार मोठा आधार दिला. ज्यांना यंत्रही पुरेसे नव्हते, त्यांची वाट निराळी होती. आता दूरध्वनीला पडदा आणि कॅमेरा मिळाला आहे. बेल यांनी जी भाषा मिटवू पाहिली, तिच्यातच असंख्य कर्णबधिर आज त्याच दूरध्वनीच्या वारसावर एकमेकांशी मनमोकळे बोलत आहेत.