वाळूच्या कणानें मोजणारा लेव्हेनहुक

हॉलंड देशांतील डेल्फ्ट गांवीं इ. स. १६३२ मध्यें अंतोनी व्हान लेव्हेनहुक याचा जन्म झाला. बाप टोपल्या विणणारा. तो मुलाच्या लहानपणींच वारला. अंतोनीस ना विद्यापीठाचें शिक्षण मिळालें, ना पंडितांची लॅटिन भाषा आली. कापडाच्या दुकानांत उमेदवारी करून पुढें त्यानें डेल्फ्टांत स्वतःचें दुकान घातलें. कापडाचे धागे मोजण्यास व्यापारी भिंग वापरीत. हा गृहस्थ भिंगें स्वतःच करूं लागला. धातूच्या दोन पत्र्यांमध्यें बसविलेलें एकच इवलेंसें भिंग, एवढेंच त्याचें सूक्ष्मदर्शक यंत्र!

परंतु नुसतें पाहून त्याचें समाधान होत नसे. पाहिलेली वस्तु केवढी, हें त्यास सांगावयाचें असे. त्याची खरी थोरवी आम्हांस येथेंच दिसते. यंत्रांत मापाची पट्टी नव्हती. म्हणून वाळूचा कण, केस, उवेचा डोळा हींच त्यानें मापें केलीं. १६६९ मध्यें जमीनमोजणीची परीक्षा उतरलेला तो मनुष्य होता! रक्तांतील तांबड्या पेशींचें वर्णन त्यानें १६७४ मध्यें केलें. अशी पेशी बारीक वाळूच्या कणाचा २५,००० वा भाग भरते, असें त्याचें अनुमान होतें. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब अवश्य करून पाहावा. हा भाग घनफळाचा आहे, लांबीचा नव्हे. २९ चा घन २४,३८९ होतो. म्हणजे कणाच्या व्यासावर सुमारें २९ पेशी ओळीनें बसतात. कण इंचाचा शंभरावा भाग धरिला, तर पेशीचा व्यास मिलिमीटरच्या हजारांश भागांत सुमारें पावणेनऊ निघतो. आजचीं उत्तम यंत्रें तो सात ते आठ सांगतात.

पाण्याच्या थेंबांत अतिसूक्ष्म जीव पोहतात, असें त्यानें १६७६ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें, तेव्हां विद्वानांस तें खरें वाटेना. मग त्यानें धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठित गृहस्थांस ते जीव दाखवून त्यांचे लेखी दाखले धाडिले. १६७७ मध्यें रॉबर्ट हूक यानें सोसायटीपुढें ते प्रत्यक्ष दाखविले, आणि १६८० मध्यें हा कापडवाला सोसायटीचा सभासद झाला. उत्तम भिंगांची युक्ति मात्र त्यानें कोणास सांगितली नाहीं. हा कृपणपणा आम्हांस खटकतो.

१७२३ च्या ऑगस्टांत, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें मुलगी मारिया हिनें चांदीचीं २६ यंत्रें सोसायटीस पाठविलीं. एकोणिसाव्या शतकांत तीं गहाळ झालीं.