मुदपाकखान्यातील ब्रदर लॉरेन्स

रविवारची मिस्सा झाली की आपला आठवडा सुरू होतो. घर, नोकरी, शेतीवाडी, मुलांचा अभ्यास, बाजारहाट आणि दुखणीखुपणी यांत सहा दिवस कसे निघून जातात ते कळतही नाही. देवासाठी सकाळची किंवा रात्रीची थोडी मिनिटे उरतात आणि कधीकधी तीही राहून जातात. मग मन खाऊ लागते. देवाला सदैव जीवनाच्या केंद्रस्थानी ठेवणे हे मठात राहणाऱ्यांचे काम, आपल्याला ते कसे जमणार, अशी आपण स्वतःची समजूत घालतो. पण त्या मठातही कोणीतरी चूल पेटवतो आणि भांडी घासतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. ब्रदर लॉरेन्स हे असेच एक धर्मबंधू होते.

त्यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. १६१४ च्या सुमारास लॉरेन प्रांतातील हेरिमेनिल या लहान गावी त्यांचा जन्म झाला. लॉरेन हा आज फ्रान्सचा भाग आहे. निकोलस अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात त्याच्या दृष्टीस एक निष्पर्ण झाड पडले. थोड्याच दिवसांत या वाळक्या झाडाला पालवी फुटेल, मग फुले येतील, फळे लागतील, हा विचार त्याच्या मनात आला आणि परमेश्वराच्या सामर्थ्याची व प्रेमाची अशी काही जाणीव त्याला झाली की ती पुढे आयुष्यभर पुसली गेली नाही. कोणताही चमत्कार घडला नव्हता. आपण रोज पाहतो तसेच ते एक झाड होते.

त्या काळी युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले होते. निकोलस सैन्यात भरती झाला. एकदा जर्मन सैनिकांनी त्याला हेर समजून पकडले आणि फाशीची धमकी दिली. त्यातून तो कसाबसा सुटला. पुढे स्वीडिश सैन्याशी झालेल्या चकमकीत तो जखमी झाला आणि त्याचे शिपाईपण संपले. त्याचा पाय जन्मभर अधू राहिला. काही काळ त्याने एकांतवासात राहून पाहिले, पण तेथे त्याचे मन स्थिर होईना. मग पॅरिसमध्ये एका मोठ्या घरी तो नोकर म्हणून राहिला. तेथे तो इतका धांदरट ठरला की हाती घेईल ती वस्तू फोडी.

१६४० मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या आसपास, तो पॅरिसमधील अनवाणी कार्मेलाईट संघाच्या मठात दाखल झाला. तेथे त्याला ब्रदर लॉरेन्स हे नाव मिळाले आणि १६४२ मध्ये त्याने अखेरची व्रते घेतली. ते धर्मगुरू झाले नाहीत. साधे धर्मबंधू म्हणून त्यांना मुदपाकखान्यात नेमण्यात आले.

येथे एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. ब्रदर लॉरेन्स यांना स्वयंपाकाची आवड नव्हती, उलट त्या कामाचा त्यांना स्वभावतःच कंटाळा होता. तरीही ते सुमारे पंधरा वर्षे चुलीपुढे उभे राहिले. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना दूर बर्गंडीपर्यंत पाठवले जाई. व्यवहाराचे त्यांना ज्ञान नव्हते आणि नावेत तर अधू पायामुळे पिंपांवरून अक्षरशः गडगडत सरकावे लागे. हे काम देवाचे आहे, तोच ते पार पाडील, एवढे देवाला सांगून ते निघत आणि काम नीट होई.

त्यांची रीत अगदी साधी होती. काम हाती घेताना ते देवाजवळ कृपा मागत. काम चालू असताना मनातल्या मनात त्याच्याशी बोलत. काम संपले की कसे झाले ते पाहत. चांगले झाले तर आभार मानत, चुकले तर क्षमा मागत आणि खंत न करता पुन्हा कामाला लागत. तव्यावरची अंड्याची पोळी उलटायची तीसुद्धा देवावरील प्रेमापोटी आणि जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच्याचसाठी. मठाच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या प्रार्थना त्यांनी टाळल्या नाहीत. पण प्रार्थनेच्या वेळी आपण देवापाशी असतो आणि कामाच्या वेळी त्याच्यापासून दूर जातो, हे त्यांना मान्य नव्हते.

हे सारे त्यांना सहज साधले असे कोणी समजू नये. मठात आल्यानंतर जवळजवळ दहा वर्षे त्यांच्या अंतःकरणात काळोख होता. आपली पापे त्यांना छळत. आपण देवाला प्रिय नाही, आपला नाश ठरलेलाच आहे, अशी भीती त्यांना वाटे. आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव ओळखीचा आहे. प्रार्थना कोरडी वाटते, देव ऐकत नाही असे वाटते आणि मग आपण ती हळूहळू सोडून देतो. ब्रदर लॉरेन्स यांनी ती सोडली नाही. पुढे माझे काहीही होवो, जिवंत आहे तोवर मी देवावरील प्रेमासाठीच सर्व करीन, असा त्यांनी निश्चय केला. हा निश्चय झाल्यावर एक दिवस त्यांच्या मनात शांती आली आणि ती टिकली. म्हणजे गोडी वाटली म्हणून त्यांनी देवाला केंद्रस्थानी ठेवले असे नाही. आधी त्याला तेथे ठेवले आणि शांती मागाहून आली.

पुढे पायाच्या जखमेमुळे उभे राहणे जमेना, तेव्हा त्यांना बसून करायचे काम मिळाले. ते बंधूंच्या वहाणा शिवू लागले. काम बदलले, पण देवाशी चाललेले संभाषण बदलले नाही. सल्ला घ्यायला साधी माणसे येत, तसेच विद्वानही येत. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी त्यांचे निधन झाले. फादर जोसेफ द बोफोर यांनी त्यांच्याशी झालेली संभाषणे आणि त्यांची पत्रे प्रसिद्ध केली. ते छोटे पुस्तक कॅथलिकांप्रमाणेच इतर पंथांचे ख्रिस्ती लोकही आजवर वाचत आले आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये लेबनॉनहून परतताना पोप लिओ चौदावे यांनी विमानात पत्रकारांशी बोलताना, आपली आध्यात्मिकता समजून घ्यायची असेल तर हे पुस्तक वाचावे, असे सुचवले. ज्यांना मातासभेने अद्याप संत म्हणून घोषित केलेले नाही, अशा एका आचाऱ्याचा हा मान आहे.

बंधू-भगिनींनो, देवाला केंद्रस्थानी ठेवण्यासाठी आपल्याला दिवसाचे तास वाढवून मिळणार नाहीत आणि कामेही कमी होणार नाहीत. पण या आठवड्यात आपल्याला सर्वांत नकोसे वाटणारे एखादे काम आपण निवडू या. आजाऱ्याचे अंथरूण बदलणे असो, खरकटी भांडी घासणे असो किंवा गर्दीतला रोजचा प्रवास असो. ते सुरू करताना प्रभूला एका शब्दाने हाक मारू या. मध्येच विसरलो तर निराश न होता आठवण होताच पुन्हा हाक मारू या. ब्रदर लॉरेन्स यांनी याहून वेगळे काही केले नाही. त्यांनी ते रोज केले, आणि मन कोरडे असतानाही केले. तशी चिकाटी प्रभूने आपल्या प्रत्येक कुटुंबाला द्यावी, हीच प्रार्थना.