गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ कुरुंदवाड नावाचे एक लहानसे संस्थान होते. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु पूर्वज पलूस गावचे, म्हणून लोक त्यांना पलुसकर म्हणू लागले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. मुलाने शिकून मोठे व्हावे, एवढीच त्यांची इच्छा. पण विष्णु लहान असताना शोभेची दारू उडवताना त्याच्या डोळ्यांना जबर इजा झाली. दृष्टी अधू झाली आणि शाळा सुटली. ज्याला पुस्तक नीट दिसत नाही, त्याने पोट कशावर भरावे? मुलाचा गळा गोड होता. तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याला गाणे शिकण्यासाठी ठेवण्यात आले.

बाळकृष्णबुवा हे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. त्यांच्या घरी विष्णूने वर्षानुवर्षे कष्ट केले. पहाटे उठून तंबोरा घ्यावा, गुरूंची सेवा करावी आणि पुन्हा तंबोरा घ्यावा, असा त्याचा क्रम असे. मिरजेच्या संस्थानिकांचाही त्याला आश्रय होता. खाण्यापिण्याची ददात नव्हती.

तरीही एक गोष्ट त्याच्या मनाला टोचत होती. त्या काळी लोकांना गाणे प्रिय होते, पण गवयाला मान नव्हता. सांगतात की, मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले; त्याच्या गुरूंना मात्र आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, गवयाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसवण्याची रीतच नाही! सरदाराने बोलावले म्हणजे गावे, त्याने दिले तेवढे घ्यावे आणि त्याची मर्जी फिरली की दुसरे दार पाहावे, हे गवयाचे जिणे. आश्रयदात्याच्या अन्नावर जगणाऱ्याला मान कोठून मिळणार, हे विष्णुबुवांनी ओळखले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

पुढे बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा त्यांचा प्रवास झाला. काठेवाडात त्यांनी एक नवाच पायंडा पाडला. दरबारात किंवा देवळात न गाता त्यांनी सर्वांसाठी जाहीर जलसा केला आणि त्याला तिकीट लावले. नाटकाला तिकीट असते, हे लोकांना ठाऊक होते. गवयाच्या मैफलीला तिकीट, ही गोष्ट मात्र अनेकांना चमत्कारिक वाटली. पण तिचा अर्थ खोल होता. तिकीट काढून येणारा दुकानदार किंवा कारकून हाच आता गवयाचा आश्रयदाता झाला. असे आश्रयदाते शेकडो असल्यामुळे एकाची मर्जी गेली तरी गवई उपाशी मरत नसे.

५ मे १९०१ रोजी विष्णुबुवांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. घरापासून इतक्या दूर, परक्या भाषेच्या मुलखात संगीताची शाळा काढणे हे धाडसच होते. पहिले काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही, असे सांगतात. बुवा रिकाम्या वर्गात ठरल्या वेळी तंबोरा घेऊन बसत आणि एकटेच गात. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. शहरातील लोक फी भरून शिकत. बुवांच्याजवळ राहून पुढे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या गरीब मुलांना मात्र विद्या आणि अन्न दोन्ही विनामूल्य मिळे. मुली आणि स्त्रिया यांनाही तेथे गाणे शिकवले जाई. त्या काळी हे नवल होते.

शाळा म्हटली की पुस्तके हवीत. गाणे तोवर कानांनी शिकण्याची विद्या होती आणि कित्येक उस्ताद आपली चीज कृपणाच्या धनाप्रमाणे दडवून ठेवत. बुवांनी स्वर आणि ताल लिहून दाखवण्याची स्वतःची पद्धत तयार केली व ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ अशी पुस्तके लिहिली. अशा खुणांची छपाई करणार कोण? तेव्हा विद्यालयाचा स्वतःचाच छापखाना उभा राहिला. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिकही निघाले. पुस्तक ज्या गावी जाई, त्या गावी विद्यालयाचे नाव जाई. गावोगावच्या जलशांनीही तेच काम केले.

१९०८ साली बुवांनी मुंबईत विद्यालय काढले. तेही झपाट्याने वाढले. वाद्ये बनवण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखानाही सुरू झाला. भाड्याच्या जागा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा त्यांनी सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत बांधली. गवयाच्या कमाईवर उभी राहिलेली ती वास्तू पाहून लोक थक्क झाले.

परंतु ती कर्ज काढून बांधलेली होती, आणि येथेच हिशेब चुकला. जलशांचे उत्पन्न कधी येई, कधी न येई. व्याज मात्र दर महिन्याला चढे. शिवाय विनामूल्य जेवणारी मुले घरात होतीच. त्यांना काढून टाकले असते, तर खर्च पुष्कळ कमी झाला असता. बुवांनी ते केले नाही. त्यांनी दौऱ्यांवर दौरे काढले, गळा शिणेपर्यंत गाऊन मिळेल ते सावकारांना दिले. पुढे त्यांचे मन रामभक्तीकडे वळले आणि व्यवहारावरचे लक्ष कमी झाले, हेही खरेच. अखेरीस १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली.

बुवा नाशिकला जाऊन राहिले. तेथे रामनामाच्या आश्रमात भजन आणि रामायण यांत ते रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस, जेथे त्यांनी पहिला स्वर लावला त्याच गावी, त्यांचे देहावसान झाले.

ज्या मुलांना त्यांनी फुकट जेवू घातले होते, ती आता मोठी झाली होती. त्याच वर्षी अहमदाबादेस ती एकत्र जमली आणि गुरूंच्या कार्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. पुढच्या वर्षी विनायकबुवा पटवर्धन यांनी पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे आचार्य झाले. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजू लागल्या. मंडळाच्या प्रवेशिका, विशारद, अलंकार या परीक्षांना आजही गावोगावची मुले फी भरून बसतात.